इथे राहतं कोण?

बॉस्टनमधल्या डडली स्ट्रीटची गोष्ट नगररचनेच्या वर्गात 'लोकसहभागा'चा नमुना म्हणून सांगतात. पहिल्याच जाहीर सभेत संयोजकांची कशी पंचाईत झाली, तो भाग बहुधा राहून जातो.

रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर यांच्या सीमेवरची ही वस्ती. बहुतेक गोरे लोक निघून गेले, बँकांनी कर्जं देणं थांबवलं आणि कित्येक मालकांनी विम्याच्या पैशांसाठी आपल्याच इमारतींना काड्या लावल्या. शहराच्या मध्यभागापासून दोन मैलांच्या आत सुमारे १३०० भूखंड ओस पडले.

१९८४ मध्ये रायली फाउंडेशनचे विश्वस्त एका संस्थेच्या मदतीच्या अर्जानिमित्त इथे आले आणि वस्तीची दशा पाहून हादरले. स्थानिक संस्थांना हाताशी धरून त्यांनी वस्ती सावरणाऱ्या नव्या संघटनेचा आराखडा बनवला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये चर्चच्या सभागृहात लोकांपुढे ठेवला. हेतू चांगला, पैसेही तयार. पण नियोजित मंडळात रहिवाशांना जागा मोजक्याच! तेवढ्यात चे मॅडियन नावाच्या रहिवासी बाईंनी पुढे बसलेल्यांना विचारलं, की तुमच्यापैकी इथे राहतं कोण? उत्तर द्यायला फारसं कुणी नव्हतं. सभा तापली.

देणगीदारांनी अशा वेळी पाकीट खिशात घालून घरी जाणं हा जगभरचा रिवाज. रायलीवाल्यांनी मात्र आराखडा गुंडाळला आणि पैसे देणं चालू ठेवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत दुर्मीळ काम हेच. नव्या मंडळात बहुमत रहिवाशांचं आलं. कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन, लॅटिनो आणि गोरे यांना लोकसंख्या न बघता सारख्या जागा मिळाल्या. पुढे मॅडियनबाईच अध्यक्ष झाल्या.

कामाची सुरुवात मात्र घरांपासून झाली नाही, कचऱ्यापासून झाली. बाहेरचे ट्रक रात्री येऊन मोकळ्या भूखंडांवर सडकं मांस आणि इमारतींचा राडारोडा ओतून जात. १९८६ मध्ये लोकांनी मोहीम उघडली, महापौर रे फ्लिन यांना वस्तीत आणलं आणि बेकायदा कचराकेंद्रांना टाळी लागली. एकदा महापालिका नमली म्हटल्यावर लोकांची भीड चेपली.

मग १९८८ मध्ये त्यांनी थेट सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार मागितला. याच हत्याराने शहराने गरिबांच्या वस्त्या उठवल्या होत्या. ते हत्यार आता वस्तीलाच हवं होतं, तेही फक्त ओसाड भूखंडांपुरतं. अमेरिकेत तोवर कुठल्याही रहिवासी संघटनेला तो मिळाला नव्हता. यांना मिळाला. जमीन विकत घ्यायला फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलर कर्जाऊ दिले.

ती जमीन आज वस्तीच्या ट्रस्टच्या मालकीची आहे. तिच्यावर दोनशेहून अधिक परवडणारी घरं उभी आहेत. घर विकताना भाव ट्रस्टच्या सूत्राने ठरतो. खालची जमीन कुणालाच विकता येत नाही, ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच मिळते.