21 हजारांची अट आणि आपल्या घरातल्या एकट्या बायका

घरातला कमावता माणूस गेला की इद्दतीपर्यंत नातेवाईक, शेजारीपाजारी सांभाळून घेतात. रमजानमध्ये जकातही येते. पण भाडं, वीजबिल, पोरांचं दूध दर महिन्याला लागतं. त्यासाठी सरकारी योजना आहेत. त्या घ्यायला लाजण्याचं कारण नाही, तो आपला हक्क आहे. घोळ होतो तो उत्पन्नाच्या अटीत, कारण प्रत्येक योजनेची अट वेगळी.

जुनी योजना म्हणजे 1980 पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. 65 वर्षांखालच्या विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता बायकांना महिन्याला 1500 रुपये. अट मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याचे 1750! अंधेरीत दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यात बसत नाही. रेशनच्या मोफत धान्यासाठी (प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो) शहरात हीच मर्यादा 59 हजार आहे. आणि 2024 साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत थेट अडीच लाख. तिथेही 1500 रुपयेच, वय 21 ते 65. निराधारचे 1500 मिळत असतील तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत.

त्यामुळे निराधारमध्ये न बसलेल्या कितीतरी बायकांना लाडकी बहीणचा आधार झाला. पण ऑक्टोबर 2024 नंतर तिचे नवे अर्ज थांबले. त्यानंतर विधवा झालेली, आधी अर्ज न केलेली बाई पुन्हा 21 हजारांच्या दारात उभी.

खरी गोम पुढे आहे. बाई 65 ची झाली की लाडकी बहीण बंद. मग श्रावणबाळ योजना, आणि तिथे परत 21 हजार. पोरगा रिक्षा चालवत असला तरी संपलं. काम सुटतं, औषधं वाढतात, नेमके तेव्हाच पैसे थांबतात. एकच सरकार एकाच बाईला 64 व्या वर्षी गरजू म्हणतं आणि 66 व्या वर्षी नाही म्हणतं, हे माझ्या तरी डोक्यात शिरत नाही. ही अट वाढवून घ्यायची मागणी आपल्या नगरसेवक-आमदारांकडे लावून धरायला हवी. ब्राझीलमध्ये गरीब कुटुंबांची एकच सरकारी नोंदवही आहे, तिच्यावरूनच वेगवेगळ्या योजनांचे लाभार्थी ठरतात. आपल्याकडे प्रत्येक खिडकीवर नव्याने गरिबी सिद्ध करा.

आता कागदांचं. अर्ज तहसील कार्यालयात जातो. उपनगरात तालुके तीन: अंधेरी, बोरीवली, कुर्ला. घाटकोपर, मुलुंडवाले कुर्ल्यात येतात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, आधार जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं, एवढं आधी गोळा करा. आपल्याकडे नावं फार घात करतात. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख, आधारवर बानो आणि रेशनकार्डावर बी. मृत्यूचा दाखला हातात पडला की स्पेलिंग तिथेच तपासा.

तलाकचंही नीट समजून घ्या. 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल आहे. त्या चिठ्ठीवर घटस्फोटित म्हणून अर्ज भरू नका. नवऱ्याने टाकलेली बाई परित्यक्ता म्हणून अर्ज करू शकते, तिचे कागद वेगळे लागतात. फॉर्म भरण्याआधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत ते विचारून घ्या, एजंटला नाही.