सहावा फलंदाज की पाचवा गोलंदाज?

सामना मैदानावर सुरू होण्यापूर्वी तो घराघरांतून एकदा खेळून झालेला असतो. कोणास घ्यावे, कोणास वगळावे, कोणी आधी जावे, कोणी मागे राहावे, याविषयी ओसरीवर जी खडाजंगी होते तिला पुष्कळ मंडळी रिकामटेकड्यांचा उद्योग समजतात. कप्तानाच्या कानी आपला एक शब्दही जावयाचा नाही. मग घसा कोरडा करून घ्यावयाचा कशासाठी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. तथापि आमच्या संगमनेरच्या घरी झालेल्या अशाच एका वादावरून मला असे वाटू लागले आहे की, नीट केलेला वाद हे विचाराचे चांगले शिक्षण होय. तो वाद वाचकांपुढे मांडतो.

आरंभी खेळाविषयी दोन शब्द. फुटबॉलमध्ये निवडीचा प्रश्न नकाशासारखा उघड दिसतो. एके काळी इंग्लंडात दोन गडी बचावास, तीन मध्ये व पाच आघाडीस, अशी मांडणी रूढ होती. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल होऊन गोल करणे सुलभ झाले, तेव्हा आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक गडी मागे बचावात नेला. हल्ल्यास किती माणसे द्यावयाची आणि घर राखण्यास किती ठेवावयाची, हाच तो प्रश्न. क्रिकेटमध्ये तो निराळ्या वेषात येतो. धावा कुटणारा फलंदाज हल्ला करतो असे वरवर वाटते. परंतु कसोटी सामना जिंकावयाचा तर बहुधा प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात, आणि ते काम गोलंदाजांचे. म्हणून क्रिकेटमधील खरे हल्लेखोर गोलंदाजच होत.

२०२० सालच्या डिसेंबरात भारताचा संघ ऑस्ट्रेलियात होता. ॲडलेड येथील पहिल्या कसोटीत १९ डिसेंबर रोजी आपला दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कसोटीच्या इतिहासात इतकी कमी धावसंख्या भारताच्या वाट्यास पूर्वी कधी आली नव्हती. सामना आठ गडी राखून ऑस्ट्रेलियाने जिंकला. त्यातच कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतणार होते, आणि महंमद शमी यांच्या हाताचे हाड मोडले होते. उरलेल्या तीन सामन्यांची धुरा अजिंक्य रहाणे यांच्याकडे आली. त्यांचा जन्म १९८८ सालचा, आमच्याच तालुक्यातील आश्वी खुर्दचा. वाढले ते डोंबिवलीस. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यास त्यांचा अभिमान वाटावा यात नवल नव्हते. पण त्या आठवड्यात अभिमानापेक्षा धास्तीच अधिक होती.

कोरोनाचा तो काळ. पुण्यामुंबईस असलेली मुले घरीच होती. २४ डिसेंबरच्या रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरात सारे बसले. मेलबर्नचा सामना २६ तारखेस पहाटे पाच वाजता सुरू व्हावयाचा होता.

प्रथम आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, तोंड फोडले. ते म्हणाले, “कोहलीच्या जागी फलंदाजच हवा. राहुल बाहेर बसला आहे, त्यास घ्या. घराची भिंत पडली असता आधी भिंत उभी करावयाची, की शेजाऱ्याशी भांडावयास जावयाचे?”

त्यांचे चिरंजीव पुढे सरसावले. “बाबा, ॲडलेडला सहा फलंदाज होतेच की! तरी छत्तीस झाल्या. भिंत पडली ती विटा कमी होत्या म्हणून नव्हे. उलट आपल्या गोलंदाजांनी पहिल्या डावात त्यांना १९१ धावांत उखडले होते. त्रेपन्न धावांची आघाडी आपली होती. जे अंग धड आहे त्यासच आणखी बळ द्या. जडेजा दुखापतीतून बरा होत आहे, त्यास पाचवा गोलंदाज म्हणून घ्या. तो धावाही करतो.”

“आणि पंचवीस धावांत चार गडी गेले म्हणजे?” दादा कडाडले.

माझ्या कन्येस निराळीच शंका होती. ॲडलेडच्या पहिल्या डावात कोहली ७४ धावांवर स्थिरावले असता रहाणे यांच्या हाकेवरून धावले व धावचीत झाले होते. ती म्हणाली, “ज्याच्या चुकीने घात झाला असे लोक म्हणतात, त्याच्याच हाती संघ! तो माणूस आता जपूनच पावले टाकील, नाही का?”

“म्हणून तर पक्की फलंदाजी हवी,” दादा म्हणाले. “आपल्या प्रवरेकाठचा माणूस आहे, त्यास अपयश यावयास नको.”

इतका वेळ आमचे तीर्थरूप नाना डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, “आपला आणि परका हा विचार निवडीत शिरला की खेळ संपला. बाळू पालवणकरांचे काय झाले ते आठवा.” मुलांस ते नाव ठाऊक नव्हते. नानांनी सांगितले. पालवणकर हे आपल्या काळातील अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. परंतु ते दलित म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. “त्या वेळी आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या घरांतून यावर वाद झाले असतील,” नाना म्हणाले, “आणि त्यांत किती जणांनी गुण पाहिला असेल, कोण जाणे!” क्षणभर कोणीच बोलले नाही.

मग नाना म्हणाले, “आता प्रत्येकाने एवढेच सांगा. तुम्ही सुचविता त्यापायी काय गमावण्यास तयार आहात?”

दादा विचार करून म्हणाले, “सामना अनिर्णित राहिला तरी मला चालेल. पुन्हा नाचक्की नको.” चिरंजीव म्हणाले, “डाव लवकर आटोपण्याचा धोका मी पत्करीन. पण जिंकण्यासाठीच खेळावे.” आणि तेव्हा साऱ्यांच्या ध्यानी आले की, तासभर चाललेले भांडण राहुल की जडेजा याविषयी नव्हतेच. नामुष्कीनंतर माणसाने प्रथम आपली अब्रू झाकावी की पुन्हा उभे राहून चाल करावी, हा वाद होता.

नानांनी एक पुरावाही जोडला. २०१७ च्या मार्चमध्ये धरमशाला येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच कोहली जायबंदी असता रहाणे प्रथम कसोटी कर्णधार झाले. त्या वेळी कोहलींच्या जागी त्यांच्या संघात फलंदाज आला नाही. कुलदीप यादव हा नवखा गोलंदाज आला, त्याने पहिल्या डावात चार बळी घेतले, व भारत जिंकला. “हा मनुष्य मवाळ बोलतो, म्हणून मवाळ खेळेल असे समजू नका,” नाना म्हणाले.

शेवटचा प्रश्न वहिनींचा. ऋद्धिमान साहा यांना काढून पंतास घ्यावे याविषयी बापलेकांचे एकमत होते. वहिनी म्हणाल्या, “यष्टींमागे साहासारखा दुसरा नाही असे तुम्हीच म्हणता. धावा कमी म्हणून त्याला काढाल; मग पंताच्या हातून झेल सुटला तर तो कोणाच्या खाती मांडाल?” यास कोणीही उत्तर दिले नाही.

दुसरे दिवशी मोक्षदा एकादशी होती. त्या दिवशी संघ जाहीर झाला. कोहलींच्या जागी जडेजा, साहांच्या जागी पंत, पृथ्वी शॉ यांच्या जागी शुभमन गिल, शमींच्या जागी महंमद सिराज. गिल व सिराज यांची ही पहिलीच कसोटी. सिराज यांचे वडील नोव्हेंबरातच वारले होते, आणि हा मुलगा अंत्यदर्शनासही न जाता संघासोबत राहिला होता. पाच गोलंदाज घेतलेले पाहून दादांनी खिचडीची ताटली खाली ठेवली. “धाडस आहे,” एवढेच ते म्हणाले.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ धावांत संपला. भारताने ३२६ केल्या. त्यांत रहाणे यांच्या ११२ व जडेजांच्या ५७. सहाव्या जोडीने १२१ धावांची भर घातली. मग जडेजांसोबत धाव घेताना रहाणे स्वतःच धावचीत झाले, तेव्हा परतताना त्यांनी जडेजांची पाठ थोपटली. ते पाहून माझी कन्या म्हणाली, “माझे बोलणे मी मागे घेते.” ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव २०० धावांत गुंडाळून २९ डिसेंबर रोजी भारताने आठ गडी राखून सामना जिंकला.

चिरंजीव विजयी मुद्रेने वडिलांकडे पाहू लागले, तेव्हा नानांनी त्यांस आवरले, आणि मला वाटते योग्यच केले. दुसऱ्या डावात उमेश यादव चौथ्याच षटकात पाय दुखावून बाहेर गेले. चारच गोलंदाज असते तर तिघांवर सारा भार पडता. पाचवा गोलंदाज तेथे तारक ठरला खरा. पण उमेशचा पाय दुखावेल हे २४ तारखेच्या रात्री आमच्यापैकी कोणास ठाऊक होते? निकालावरून युक्तिवाद तोलू नये. त्या रात्री जे माहीत होते त्यावरून कोणी नीट विचार केला, एवढेच पाहावे. चिरंजीवांचे म्हणणे विजयामुळे बरोबर ठरले असे नव्हे. ॲडलेडच्या १९१ धावांकडे त्यांनी लक्ष दिले होते म्हणून ते सबळ होते. आणि दादांचे भयही खुळेपणाचे नव्हते.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर सिडनीस मिळाले, तेही अर्धेच. तेथे पंतांच्या हातून विल पुकोवस्की यांचे दोन झेल सुटले व त्या फलंदाजाने ६२ धावा केल्या. त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवशी पंतांस बढती देऊन वर पाठविले असता त्यांनी ९७ धावा काढल्या. सामना अनिर्णित राहिला. पुढे १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे त्यांच्याच नाबाद ८९ धावांनी ३२८ चे लक्ष्य गाठून भारताने मालिका २–१ अशी जिंकली. जमा मोठी झाली. म्हणून खर्चाची बाजू कोरी होती असे मात्र नव्हे.

हल्ली आमच्या घरी सामन्याआधी वाद निघाला की जो तो आपला संघ सांगण्यापूर्वी आपण काय गमावण्यास तयार आहोत ते सांगतो. भांडणे कमी झाली नाहीत. मात्र ती कशाविषयी आहेत हे लवकर कळते. परवा घराची दुरुस्ती करावी की मुलीच्या पुढील शिक्षणास पैसा ठेवावा, असा प्रश्न निघाला, तेव्हा दादांनी आपण होऊन तोच प्रश्न विचारला. सर्वांचे बोलून झाल्यावर वहिनींनी नेहमीप्रमाणे विचारले, “आणि यात वगळला कोण जातो?”