माशाची शेपटी झडतेय? आधी पाणी बघा, मग औषध

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या दोन गोल्डफिशपैकी एकाची शेपटी झडायला लागली. आधी कडेला दुधाळ रेघ दिसली, मग जुन्या ओढणीचा काठ उसवावा तसे धागे सुटू लागले. धाकटी म्हणाली, "अम्मी, दुसऱ्याने खाल्ली वाटतं." मलाही तेच वाटलं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. चार दिवस थेंब टाकले. पाणी निळं, काचेच्या जोडातला सिलिकॉन निळा, माझी बोटं निळी. शेपटी मात्र रोज थोडी कमीच. पाचव्या दिवशी मासा गेला आणि आठवड्याभरात दुसऱ्याच्या शेपटीवर तीच रेघ आली. वर्गात मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या घरात हे चाललं होतं!

या आजाराला फिन रॉट म्हणतात. फिन म्हणजे माशाचे पर, तेच कुजत जातात. एरोमोनास, स्यूडोमोनास अशा जिवाणूंमुळे हे होतं. पण हे जिवाणू बहुतेक प्रत्येक टाकीत थोडेफार असतातच. माशाच्या अंगावर चिकट थर असतो, तो त्यांना आत शिरू देत नाही. पाणी बिघडलं, थंडी पडली, टाकीत गर्दी झाली की मासा अशक्त होतो, हा थरही कमजोर होतो आणि जिवाणूंना वाट मिळते. पाणी तेच ठेवून वरून औषध ओतलं, तर वाट उघडीच राहते. माझं नेमकं तिथेच चुकलं.

"पण पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये उपयोगी जिवाणू राहतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत या जिवाणूंचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण मात्र सकाळी टाकी आणतो आणि संध्याकाळी मासे सोडतो. मी तर आणखी एक पराक्रम केला होता: फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरही जास्त पडते. घाणीबरोबर उपयोगी जिवाणूही गेले. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलकेच पिळून.

इलाजाआधी नीट बघा. पराला सरळ चावा घेतल्यासारखी खाच असेल, कडा स्वच्छ असेल, तर दुसरा मासा त्रास देत असण्याची शक्यता जास्त. टायगर बार्ब यासाठी बदनाम आहेत. बेटा मासा तर कधी कधी स्वतःचीच शेपटी चावतो. फिन रॉटमध्ये कडा फाटकी, पांढरट किंवा लालसर दिसते आणि दिवसागणिक आत सरकते. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर तो वेगळा आजार, त्याचा इलाजही वेगळा.

दुसऱ्या माशासाठी मी आठवडाभर रोज चौथा हिस्सा पाणी बदललं. पाइपने तळातली घाण ओढून घ्यायची आणि नवं पाणी हळूहळू सोडायचं. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं की साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. ही बादली वेगळीच ठेवा, साबण लागलेली चालणार नाही. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच गार किंवा कोमट हवं. सगळं पाणी एकदम बदलू नका, तो धक्काही माशाला सोसत नाही. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. घरातली मुलं येता-जाता चिमूट टाकत असतील तर डबा वर ठेवा. आमच्याकडे तो आता कपाटात असतो.

सोबत मीठ. साधं खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम. आमची टाकी ४० लिटरची, पण तळातली खडी वजा जाता पाणी ३५ लिटर, म्हणून मीठ ३५ ग्रॅम. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडं थोडं सोडलं. पुढचा हिशेब बरेच जण चुकवतात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून आटलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही. ८ लिटर पाणी काढून नवं घातलं, तर मीठ फक्त ८ ग्रॅम. कोरीडोरास जातीच्या माशांना आणि बऱ्याच पाणवनस्पतींना मीठ मानवत नाही. तिथे आजारी मासा वेगळ्या टबात घ्या. आठ-दहा दिवसांनी मीठ बंद केलं की पाणी बदलता बदलता ते आपोआप कमी होतं.

बेटा असेल तर ऊबही बघा. त्याला २५ ते २७ अंश पाणी लागतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत छोट्या बाऊलमध्ये त्याचे पर खराब होतात याचं नवल नाही. छोटा हीटर घ्या. गोल्डफिशला त्याची गरज नसते.

आठवड्याभरात कुजणं थांबलं नाही, पराचं मूळ लाल झालं किंवा माशाने खाणं सोडलं, तर मात्र औषध हवंच. मासा वेगळ्या टबात हवेच्या पंपासह ठेवा आणि माशांसाठीचं जिवाणूनाशक औषध बाटलीवरच्या मापाने, सांगितलेले सगळे दिवस द्या. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. निळं औषध मुख्यतः बुरशीवरचं, शिवाय ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारू शकतं. आणि घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. माप कळत नाही, उपयोगी जिवाणू मरतात, आणि अर्धवट डोसाने उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. एरवीही नंतर साबणाने हात धुवा.

आमच्या माशाच्या शेपटीला दहाव्या दिवशी कडेला पारदर्शक पातळ पट्टी दिसली. मुलगी घाबरली, पुन्हा तीच रेघ म्हणून. पण कुजणारी कडा दुधाळ आणि फाटकी असते; ही काचेसारखी होती, म्हणजे नवा पर फुटत होता. कुजणं मुळापर्यंत गेलं असतं तर तो फुटलाच नसता. रंग भरायला महिन्याहून जास्त लागला. शेपटी एका बाजूला जरा वाकडीच आली आहे. धाकटीला आता जोडीला दुसरा मासा हवाय. दोन गोल्डफिशना ४० लिटर कमीच पडतात, त्यामुळे आधी मोठी टाकी, मग मासा, असं ठरलंय.