जुनी कार विकली, पण नावावर कोणाच्या? एमएच-२१ गाडीचं आरसी ट्रान्सफर असं करा

जालन्यात जुनी कार घेणं-विकणं आता बरंचसं मोबाईलवरच होतं. फोटो व्हॉट्सॲपवर येतात, भाव फोनवर ठरतो, पैसे ऑनलाइन जातात. मग बॉण्डवर दोघांच्या सह्या झाल्या, किल्ली दिली की व्यवहार संपला असं आपण धरून चालतो. पण आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव आहे, कायदा त्यालाच मालक मानतो. बॉण्ड हा फक्त तुमच्या दोघांतल्या व्यवहाराचा पुरावा. त्याने आरसीवरचं नाव बदलत नाही.

म्हणून आज बघूया, हे नाव कसं बदलायचं आणि विकणाऱ्याने व घेणाऱ्याने काय सांभाळायचं.

नाव बदललं नाही तर काय होतं?

समजा, अंबडच्या एका मुलाने आपली कार भोकरदनच्या माणसाला विकली. त्याने ती नावावर न करताच परतूरच्या तिसऱ्याला दिली. आता ही गाडी समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा मोडून गेली, तर ई-चलान येणार अंबडच्या मुलालाच.

चलान तरी भरून टाकता येईल. अपघात झाला तर? मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येनुसार, ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे अशी अनेक हातांतून गेली होती, पण रेकॉर्डला नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कोर्टाने त्या नोंदीतल्या मालकावरच टाकली. 'मी तर कधीच विकली' हे उत्तर चाललं नाही. अशा वेळी गाडीचा विमा चालू नसेल तर भरपाई खिशातून जाते.

घेणाराही सुटत नाही. आरसी आणि विमा दुसऱ्याच्या नावावर असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. पुढे गाडी विकायची म्हटली की जुन्या मालकाला शोधत फिरावं लागतं.

पैसे देण्याआधी हे तपासा

गाडीचा नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. हे ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल चुकूनही उघडू नका.

- कर्ज: आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला असं धरू नका.
- चलान: महाट्रॅफिक ई-चलानच्या साइटवर थकीत दंड बघा. भरायचा कोणी, ते भाव ठरवतानाच बोला.
- विमा आणि पीयूसी: दोन्ही चालू हवेत.
- नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का? महाराष्ट्रात ती नसेल तर ट्रान्सफरचं काम अडतं.
- वय: खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च धरूनच भाव करा.
- चेसिस नंबर: गाडीवरचा आणि आरसीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा.

फॉर्म कोणते, मुदत किती?

फॉर्म २९ म्हणजे 'मी गाडी विकली' अशी विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज, यावर दोघांच्या सह्या लागतात.

कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सोबत आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६०) आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट तयार ठेवा.

एक काम मात्र करू नका: कोऱ्या २९-३० फॉर्मवर सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असेल तेव्हाच सही करा. कोऱ्या फॉर्मवर गाडी चार हात फिरते आणि मालक तुम्हीच राहता.

ऑनलाइन अर्ज असा करा

१. परिवहन पोर्टल उघडा. ऑनलाइन सर्व्हिसेसमध्ये व्हेईकल रिलेटेड सर्व्हिसेस निवडा, मग महाराष्ट्र.

२. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे टाका. रेकॉर्डला असलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद झाला असेल तर आधी मोबाईल नंबर अपडेट करा.

३. ट्रान्सफर ऑफ ओनरशिप निवडा, घेणाऱ्याची माहिती भरा आणि कागदपत्रं अपलोड करा.

४. स्क्रीनवर दिसणारी फी भरून पावती सेव्ह करा. सरकारी फी तेवढीच. एजंट लावलात तर त्याचा मेहनताना वेगळा.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आधार पडताळणीवर ५८ सेवा ऑनलाइन खुल्या केल्या. त्यात ट्रान्सफरही आहे. आधारचा पर्याय घेतला नाही तर कागद घेऊन आरटीओत जावं लागतं.

इथे एक सोपी युक्ती आहे. दोघं समोरासमोर असतानाच, शक्यतो किल्ली द्यायच्या आधी अर्ज भरा. नंतर ओटीपीसाठी फोन केला की समोरचा 'उद्या बघू' म्हणतो, आणि तो उद्या काही येत नाही.

डीलरला विकताय?

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नवीन नियम आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यायचा आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मधून पोर्टलवर जायची. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. त्यामुळे डीलरला दोनच गोष्टी विचारा: परवाना आहे का, आणि २९-सी ची पोच कधी देता?

किल्ली देताना

- विकणाऱ्याने आपला फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्यावा. नाहीतर नवीन मालक जालना इंटरचेंजवरून समृद्धीला लागेल आणि टोल तुमच्या खात्यातून कटेल.
- घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीसोबत येतो, पण स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी नाव बदलणं गरजेचं आहे.
- नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच. त्याचं पत्र घ्या, नवीन गाडीच्या विम्याला कामी येतं.
- पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. त्याच दिवशीच्या चलानवरून वाद होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एमएच-२० ची गाडी जालन्यात घेतली तर नंबर बदलतो का?*
नाही. राज्य तेच असल्याने नंबर तोच राहतो. हैदराबादची गाडी आणली तर मात्र तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि पुढे महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो.

*वडील वारले, गाडी त्यांच्या नावावर आहे. थेट विकता येईल का?*
आधी वारसाच्या नावावर करा. ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून अर्ज करायचा.

*अर्ज केला, मग काम झालं ना?*
अजून नाही. काही दिवसांनी एम-परिवहनवर तोच नंबर पुन्हा टाका. मालकाचं नाव बदललेलं दिसलं की स्क्रीनशॉट घ्या. विकणाऱ्यासाठी गाडी खऱ्या अर्थाने त्या दिवशी विकली गेली.

तुमच्या ओळखीत कोणी कार विकायला काढली असेल, तर बॉण्डवर सह्या होण्याआधी हा लेख त्याला नक्की पाठवा.