एसटीपीच्या झाकणाशी: नाकावर विसंबू नका

दहिसरचं मैलापाणी कुठे जातं, असं विचारलं की बहुतेक जण खाडीकडे बोट दाखवतात. महापालिकेच्या मलनिःसारण व्यवस्थेत मात्र गोरेगावपासून दहिसरपर्यंतचा पट्टा मालाड विभागात मोडतो. तिथे रोज 45.4 कोटी लिटर क्षमतेचं नवं प्रक्रिया केंद्र बांधायला घेतलं आहे. त्यामुळे विषारी वायू आणि रसायनं ही मालाडची भानगड, आपला काय संबंध, असा समज सहज होतो.

पण पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या कित्येक मोठ्या संकुलांच्या तळघरात स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी प्रक्रिया केंद्र असतं. वर मुलं सायकली फिरवतात आणि खाली तेच मैलापाणी, तोच गाळ, तेच वायू असतात. मोठ्या केंद्रात चाललेलं सगळं इथेही चालतं, फक्त देखरेखीला अनेकदा एकटा ऑपरेटर असतो. 2019 च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलाचा एसटीपी साफ करताना तीन कामगार गुदमरून गेले. 9 एप्रिल 2024 ला विरार पश्चिमेला अशाच खासगी एसटीपीत चौघांचा जीव गेला. दहिसरहून विरार लोकलने किती लांब आहे, हे दहिसरकरांना सांगायला नको.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज नाकाबद्दलचा आहे. ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही.’ टाकीतला मुख्य विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी वायू असताना नाकाला कळतो. प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं, की काही मिनिटांतच नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा खेळती झाली. प्रत्यक्षात विष वाढलेलं असतं. सातशे ते हजार भागांवर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हा वायू बाहेरून कुणी आणत नाही. ब्लोअर बंद पडून मैलापाणी हवेविना साचलं, की त्यातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो तयार करतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. म्हणून खाडीकाठच्या वाहिन्यांत खारं पाणी झिरपत असेल, तर हा धोका वाढतो. वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो आणि बराचसा गाळातच अडकलेला असतो. वरून टाकी शांत दिसते. कामगार खाली उतरून फावडं मारतो आणि तो वायू एकदम मोकळा होतो. ‘कालच उतरलो होतो, काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच काहीही किंमत नाही.

तोंडाला ओला रुमाल बांधण्याचाही उपयोग नाही. गाळणीचा चांगला मास्कसुद्धा प्राणवायू तयार करत नाही, आणि टाकीत बऱ्याचदा तोच कमी असतो. हवेत तो सुमारे 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला, की ती जागा धोक्याची धरतात. काही जण पेटती काडी आत टाकून बघतात. मिथेनचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या मध्ये असेल, तर त्या काडीनेच स्फोट होईल.

मग एक जण आत कोसळतो आणि दुसरा त्याला काढायला धावतो. हे धावणं माणुसकीचंच असतं, त्याला मूर्खपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण टाकीच्या दुर्घटनांत एकापाठोपाठ एक माणसं जातात, ती बऱ्याचदा अशीच. वर उभा असलेल्याने काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. ब्लोअरने हवा सोडायची, आधीच बांधलेल्या हार्नेसने माणसाला वर ओढायचं आणि 101 वर अग्निशमन दलाला बोलवायचं.

आता रसायनांकडे. ‘हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) म्हणजे घरातलं ब्लीचच की!’ हो, पण ते ॲसिडच्या कॅनशेजारी ठेवलं आणि चुकून दोन्ही एकत्र आली, तर जागच्या जागी क्लोरीन वायू तयार होतो. फेरिक क्लोराइड किंवा पॅकसारखी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) गाळ बसवणारी रसायनंही आम्लधर्मीच असतात. 21 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकेत कॅन्ससमधल्या ॲचिसन गावातल्या एका कारखान्यात टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड हायपोच्या टाकीत उतरवलं गेलं. दोन्ही टाक्यांची जोडणीची तोंडं जवळजवळ आणि सारखीच होती. क्लोरीनचा ढग गावावर आला आणि 140 हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. म्हणून दोन्ही रसायनांच्या खोल्या वेगळ्या हव्यात, पाइपांची तोंडं एकमेकांत बसणार नाहीत अशी हवीत आणि नावं मराठी-हिंदीत ठळक लिहिलेली हवीत.

क्लोरीनची सिलिंडर वापरणाऱ्या केंद्रांबद्दल आणखी एक समज आहे: गळती झाली, की सिलिंडरवर पाणी मारायचं. गळक्या जागी पाणी लागलं, तर आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हाजी बंदर गोदामात 14 जुलै 2010 ला जुन्या सिलिंडरमधून तो गळला, तेव्हा आसपासचे शंभराहून अधिक लोक बाधित झाले. अशा वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला किंवा आडवं, आणि उंचावर जायचं. तळघरात लपायचं नाही.

‘ठेकेदाराला काम दिलं, आता जबाबदारी त्याची’ हाही गैरसमजच. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा मैलाटाकीत माणूस उतरवायला बंदी आहे, थेट आणि ठेकेदारामार्फतही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल, तर पुढच्या सभेत सेक्रेटरींना एवढंच विचारा: प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर आपल्याकडे आहे का? गाळ बाहेरूनच यंत्राने उपसला जातो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मीटर आणि यंत्राची सोय होईपर्यंत टाकीचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका.