सातबाऱ्यावरचा ‘पडीक’

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या माळावर, तारेचं कुंपण पडलं. आत सौर पाट्या बसणार आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2023 पासून अशा सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत. वीज मलाही हवी आहे. पण दर वेळी पहिला बळी माळाचाच का, हे मला कुणी सांगत नाही.

1998 मध्ये आमचा वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. सुरुवातीची वर्षं कचेऱ्या उभारण्यात आणि बदल्यांत गेली. पुढे काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य झालं, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. हद्दीबाहेरचा माळ कागदावर पडीकच राहिला.

2008 नंतरची दहा वर्षं मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे फासेपारध्यांना सोबत घेऊन गवत राखत होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्यांचं शिकार करणं गुन्हा ठरलं, तीच माणसं आता जाळरेषा काढत होती, चराई आवरत होती. कुसळीने, पवन्याने बी धरेपर्यंत विळा लागत नसे.

एका आषाढात पारध्यांच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला पहाटे माळावर नेलं. “भाऊ, आंधी आयका, मंग मान वळवा.” बेडकासारखा आवाज आला आणि तणमोराचा नर गवतातून सरळ वर उसळला, पंख फडफडवत खाली गेला, पुन्हा उसळला. देशभरात हे पक्षी आता काही शेकडेच उरलेत. त्यातला एक माझ्या गावच्या ‘पडीक’ जमिनीवर नाचत होता!

मग समृद्धी महामार्ग आला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. त्याआधी भरावासाठी आमच्या टेकडीचा मुरूम रात्रंदिवस गेला. मी एका कचेरीत अर्ज दिला, तर उत्तर मिळालं, ‘जमीन पडीक आहे.’ महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी वाटा ठेवल्या, ते चांगलंच झालं. पण वाट ओलांडून जायला पलीकडे गवत तर हवं ना? गवत राखणाऱ्यांना त्या जमिनीवर हक्काचा कागद दिला असता, तर निदान विचारणा तरी झाली असती.

बाबा आता नाहीत. परवा कुंपणापाशी त्यांचा नातू भेटला. आजोबा कुठे दबा धरून बसायचे, ते त्याने तारेतून बोट घालून दाखवलं. तिथे खांबासाठी खड्डे खणले होते. उपसलेल्या मातीत कुसळीची मुळं अजून ओली होती.