शाळिग्रामातलं चक्र कोणी कोरलं?

पंचायतन पूजेत विष्णूच्या जागी ठेवला जाणारा शाळिग्राम नेपाळमधल्या गंडकी नदीतून येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावरचं किंवा त्याच्या पोटातलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्रप्राण्याचा जीवाश्म, हेही आता अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. तरीही या दगडाभोवतीचे गैरसमज हटत नाहीत. त्यांचं मूळ एकच आहे. नदीने वाहून, घासून गुळगुळीत केलेला गोटा आपण एकटा पाहतो. तो ज्या खडकाच्या थरातून सुटला, तो थर आपल्याला दिसत नाही. थर समोर ठेवला, की प्रत्येक शंकेला दगडच उत्तर देतो.

पहिला समज असा, की वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्र कोरतो. कोरीव काम असतं, तर ते वरून आत गेलं असतं आणि दगड जिथे अखंड आहे तिथे चक्र सापडलंच नसतं. प्रत्यक्षात बाहेरून पूर्ण बंद असलेला गोटा फोडला तरी आत चक्र मिळतं: एका तुकड्यावर उठावदार, तर दुसऱ्यावर त्याचाच खोलगट ठसा. शंख गाळात पुरला गेला, प्राण्याच्या कुजण्याने भोवतीच्या गाळाचं रसायन बदललं, खनिजं साचून तेवढाच भाग आधी टणक झाला आणि शंख आत अडकला. गोटा शंखाभोवती तयार झाला, म्हणून चक्र आत आहे. ज्या चिखलात हे घडलं त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर आणि प्राणवायू कमी होता. शाळिग्रामाचा काळा रंग आणि काहींत चमकणारं माक्षिक हे सोनेरी खनिज ही त्याचीच खूण.

दुसरा समज म्हणजे ही दगड झालेली गोगलगाय आहे. वेटोळं सारखं दिसतं, पण आतली रचना निराळी आहे. गोगलगाईच्या शंखात एकच सलग पोकळी असते. अमोनाइटच्या शंखात पडद्यांनी विभागलेले कप्पे असतात. प्राणी फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांत वायू असे आणि त्या सर्वांतून जाणाऱ्या एका बारीक नळीमुळे शंख पाण्यात तरंगता ठेवता येई. असे प्राणी माकूळ आणि अष्टपाद यांच्या कुळातले. आज एकही अमोनाइट जिवंत नाही, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या अस्ताच्या वेळीच, त्यांचाही वंश संपला.

मग समुद्रातला प्राणी हिमालयात कसा? कोणी म्हणतं, महाप्रलयात समुद्र पर्वतावर चढला आणि शंख तिथेच राहिले. ही शंका अडाणीपणाची नाही. समुद्राचा जीव डोंगरात सापडला, तर दोहोंपैकी एक हललं असणार, हा तर्क बरोबरच आहे. प्रश्न फक्त हललं काय, एवढाच. पुराने आणलेले शंख डोंगराच्या पृष्ठभागावर सरमिसळ होऊन पडले असते. इथे ते खडकाच्या आत आहेत, थराथराने प्रजाती बदलत जातात आणि ते थर वाकून घड्या पडलेले आहेत. गंडकीच्या खोऱ्यातल्या मुक्तिनाथ परिसरातले काळे शेल खडक मुख्यतः ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धात टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले. पुढे साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि तो तळ उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकही समुद्री चुनखडकच आहे. हलला तो समुद्र नव्हे, समुद्राचा तळ.

याच कारणाने सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात अमोनाइट शोधणं व्यर्थ आहे. तो खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तळ्यांचा गाळ आहे, त्यात नागपूरकडे जीवाश्म मिळतात, पण ते गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि वनस्पतींचे. अमोनाइट पाहायचे तर कच्छ किंवा तमिळनाडूतला अरियलूर परिसर गाठावा.

शेवटचा समज किमतीचा: जितका सुबक, तितका दुर्मिळ आणि मोलाचा. अमोनाइट तर जगभर भरपूर सापडतात. त्यांच्या प्रजाती झपाट्याने बदलत गेल्या आणि समुद्रातून दूरवर पसरल्या, म्हणून त्यांच्यावरून थराचं वय ठरवता येतं. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाचा सांगाडा मिळाला, त्याचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तो प्राणी सुमारे ५ ते ५.५ मीटर लांब असावा. असा सांगाडा खरोखर दुर्मिळ. तरी तोच खडकातून उपटून बाजारात आला असता, तर कोणत्या काळातला हे नेमकं सांगणं अवघड झालं असतं.

यावर आक्षेप येतो, की असं विश्लेषण श्रद्धेला धक्का देतं. पण शाळिग्रामाची पूज्यता परंपरेने दिलेली आहे. ती किड्याच्या कारागिरीवर टेकलेली नाही. दगडाचं वय कळल्याने पूजेतलं काही कमी होत नाही, आणि पूजेमुळे वय बदलत नाही. कौतुक करायचं तर दोन्हींचं करता येतं. फक्त खडकात बसलेला जीवाश्म दिसला, तर छिन्नी लावू नये. फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावं. उकरलेला तुकडा घरी शोभेल, पण त्याचा काळ सांगणारा पुरावा थरातच राहून जाईल.